एकोणीस मिनिटांचं पाणी

चिप तापली की माझ्या मुलीची मिनिटं कमी व्हायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी अशी का वागले ते सांगताना दर वेळी थांबावं लागणार नाही. मला तसंही थांबवत नाही. सत्तावीस वर्षं अकोल्याच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेय, पण वर्गात मला खुर्चीवर बसलेली कुणी पाहिली नसेल.

गार्गी नऊ वर्षांची असताना तिला पहिला झटका आला. अपस्मार. गोळ्यांनी तो महिन्यातून दोन-तीन वेळांवर आला, त्याखाली मात्र काही केल्या उतरेना. झटका दोन मिनिटांत संपतो. त्याचं मला भय नव्हतं. तो केव्हा येईल हे ठाऊक नसणं, हे आमच्या घरात चौदा वर्षं चौथ्या माणसासारखं राहत होतं. जिन्यावर, रस्ता ओलांडताना, उकळत्या दुधापाशी. मुलगी तेवीस वर्षांची झाली तरी बाथरूमला आतून कडी लावायची मुभा तिला नव्हती.

मग दोन हजार अडतीस साली मेंदूचे जुळे आले. कल्पना सोपी आहे. कानामागे टिकलीएवढी पट्टी चिकटवायची. ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपून कॉम्प्युटरला पाठवते. कॉम्प्युटरात त्याच मेंदूची गणिती प्रतिकृती चालू असते, तिला जुळा म्हणतात. दर सेकंदाला खऱ्या मेंदूची ताजी स्थिती जुळ्याला द्यायची आणि तिथून त्याला घड्याळाच्या पुढे पळवायचं. पळता पळता जुळ्याला झटका आला, की खऱ्या माणसालाही थोड्या वेळानं येणार हे कळतं आणि फोनवर सूचना येते. जुळा जितकी मिनिटं पुढे असतो, तिला आघाडी म्हणतात.

एवढं गणित करताना चिप इस्त्रीसारखी तापते. नव्वद अंशांच्या आसपास पोचली की आपण जळू नये म्हणून ती मुद्दाम हळू चालते. चिप हळू, की जुळा हळू. आणि जुळा हळू, की आघाडी कमी. म्हणजे आमच्या घरात उष्णता मिनिटं खात होती, आणि घर कुठे, तर अकोल्यात.

जुळा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची सोय होती. सोपं पडलं असतं. पण गार्गीनं साफ नकार दिला.

"माझा मेंदू मी भाड्याच्या घरात ठेवणार नाही, आई. उद्या विमावाला वाचेल, परवा स्थळवाले वाचतील. मशीन मी स्वतः जोडणार."

आयुष्यात कधी स्क्रू-ड्रायव्हर न धरलेल्या मुलीनं महिनाभर वाचन केलं, सुटे भाग मागवले आणि जेवणाच्या टेबलावर पहिला कॉम्प्युटर जोडला. पहिल्याच दिवशी जुळ्यानं आघाडी दाखवली आठ मिनिटं. मी रडले. मार्च संपता संपता बाहेर बेचाळीस अंश झाले आणि आकडा सहावर आला.

त्यात चिखलदऱ्याची भानगड. तिथल्या कॉफीच्या मळ्यावर एक छोटी प्रयोगशाळा होती, बियांची ओल आणि बुरशी तपासणारी. तिथे गार्गीनं अर्ज केला होता. एक जूनपासून रुजू व्हायचं, डोंगरावर, एकटीनं. मी म्हटलं होतं की तिकडे नेटवर्क दहा-दहा मिनिटं गायब होतं, तेव्हा आघाडी वीसच्या वर गेली तरच विचार करू. ती म्हणाली, "ठीक आहे, वीस." आणि वही घेऊन बसली.

"तीन रस्ते आहेत," तिनं आम्हा दोघांना सांगितलं. "एक, मोठा पंखा. पण पंखा खोलीतलीच हवा मारतो, आणि आपली खोली तापलेली. दोन, तयार बंद संच. त्यात पाणी आधीच भरलेलं असतं, चिपवर बसवायचा, विसरायचा. पण तो लहान आहे, मेमध्ये दम टाकेल. तीन, सगळं आपण जोडायचं. चिपवर तांब्याचा ठोकळा, पंप, नळ्या, टाकी, आणि हवा तेवढा मोठा रेडिएटर."

"विजेच्या वस्तूत पाणी?" मी म्हटलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

आमचे हे, पुरुषोत्तम तायडे, ट्रक स्टँडजवळ तीस वर्षं रेडिएटर दुरुस्त करतात. ते इतका वेळ भाकरी मोडत होते. आता त्यांना हुरूप आला.

"अवं, ट्रकचं इंजिन काय टेबलफॅननं थंडं ठेवते का कोनी? पानीच पायजे. पानी उष्णता उचलते अन् दूर नेऊन टाकते. पोरगी बराबर सांगून रायली."

"बाबा, हा ट्रक नाहीये."

"तापते तं ट्रकावानीच ना!"

तिसरा रस्ता ठरला. गार्गीनं यादीत तांब्याचा रेडिएटर लिहिला होता. पण दुसऱ्या दिवशी हे नवाकोरा ॲल्युमिनियमचा घेऊन आले, सोबत ट्रकच्या काळ्या रबरी नळ्या आणि हिरव्या कूलंटचा कॅन. "आजकाल तांब्याचे कोन बनवते? हा पाय, कसा हलका हाय." लेकीसाठी बापानं आणलेली वस्तू; तिला नाही म्हणवेना. तिनं एवढंच बजावलं, "चालेल, पण कूलंट टाकायलाच हवं बरं का." मग सगळं जोडून ठेवलं, आणि कॉलेजातलं एक प्रमाणपत्र आणायला ती अमरावतीला गेली.

त्या दुपारी मी शहाणपणा केला. कूलंट म्हणजे रंग, ग्लायकॉल आणि नाना क्षार. गळलं तर वीज वाहून नेणार, अख्खं मशीन जळणार. शुद्ध पाणी वीज वाहत नाही, हे मी दर वर्षी मुलांना दिवा आणि दोन कांड्या घेऊन दाखवते. मी तो कॅन मोरीत ओतला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेलं ऊर्ध्वपातित पाणी भरलं. पाच लिटर, काचेसारखं. जोडांखाली वर्तमानपत्रं अंथरून चोवीस तास पंप चालवला. एक थेंब नाही. मग मशीन सुरू केलं.

चिप चौपन्न अंशांवर स्थिर झाली. आघाडी एकोणीस मिनिटं.

"एकोणीस!" हे दुकानातून फोनवर ओरडले. "आनतो अजून एक रेडिएटर!"

दुसरा रेडिएटर लागला. सव्वीस मिनिटं. सूचना माझ्याही फोनवर यावी अशी सोय मी गार्गीकडून करून घेतली होती, आणि इथून पुढे माझं जे झालं ते मला आज सांगायला आवडत नाही, पण सांगते.

जुळ्याचं भाकीत हवामानाच्या अंदाजासारखं असतं. जवळचं पक्कं, लांबचं ढिलं. पाच मिनिटांवरचा झटका तो छातीठोक सांगतो. वीस-पंचवीस मिनिटांवरचा सांगताना 'शक्यता तीस टक्के' म्हणतो. मला शिकलेल्या बाईला तीस म्हणजे किती हे कळायला हवं होतं. फोन थरथरला की मला ते शंभरच दिसायचे. वर्गात शिकवता शिकवता मी ॲप्रनच्या खिशातला फोन बघे. चिप किती अंशांवर, आघाडी किती. मुलं आपसांत हसायची. तास अर्धवट सोडून मी व्हरांड्यात जायची आणि गार्गीला फोन करायची.

"कुठे आहेस?"

"भाजीबाजारात."

"खाली बस."

"आई, तीस टक्के आहे. चोवीस मिनिटांवर."

"गार्गी, खाली बस म्हणते ना!"

ती कांद्याच्या पोत्यांमध्ये चोवीस मिनिटं बसून राही. बहुतेक वेळा काही येत नसे. मैत्रिणीच्या हळदीत बसली, पोस्टात बसली, रिक्षा थांबवून दुभाजकावर बसली. दिवसातून एकदा, कधी तीनदा. आणि तिला बसवलं याचंच मला समाधान, जणू झटका मीच परतवून लावला.

कडेलोट एप्रिलच्या शेवटी झाला. चिखलदऱ्याची मुलाखत अमरावतीच्या कार्यालयात होती. ऐन मुलाखतीत सूचना आली: शक्यता चौतीस टक्के, बावीस मिनिटं. गार्गीनं फोनचा आवाज बंद करून ठेवलेला. मी कार्यालयाचा नंबर शोधला, शिपायाला दम दिला, आणि मुलाखत घेणाऱ्या शेंडगे मॅडमना फोनवर बोलावून सांगितलं की माझ्या मुलीला ताबडतोब जमिनीवर बसवा. त्यांनी बसवलं. तीन अनोळखी माणसांसमोर फरशीवर बसून तिनं उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. झटका आला नाही.

शेवटी शेंडगे मॅडमनी तिला विचारलं, "नोकरी तुम्हाला द्यायची आहे की तुमच्या आईंना?" त्यांनी जागा नाकारली नाही. महिनाभर विचार करा, एकट्या राहू शकत असाल तर कळवा, एवढंच म्हणाल्या.

गार्गी घरी आली, हातपाय धुतले, जेवली. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, प्रकरण निभावलं.

मे लागला आणि आकडे घसरायला लागले. चौपन्नचे एकसष्ट, मग एकाहत्तर. सव्वीसचे सतरा, मग अकरा. मी पंखे पुसले. चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप बदलायला लावला. खोलीत दुसरा कूलर बसवला. यांच्याशी भांडले.

"तुमचा तो रेडिएटरच भंगार आहे!"

"रेडिएटरले नावं नोको ठेवू. त्याच्या तोंडाशी हात लाव, थंडा हाय. गरम पानी त्याच्यावरी पोचूनच नाही रायलं. कुठीतरी तुंबलं."

"पाच लिटर शुद्ध पाणी कशानं तुंबेल?"

पंधरा तारखेला बाहेर शेहेचाळीस अंश होते आणि आघाडी चार मिनिटांवर आली. चार! कॉलेजला सुट्टी होतीच. रोज सकाळपासून गार्गीच्या मागे खोलीखोलीतून फिरायला लागले. ती पुस्तक घेऊन गच्चीच्या दाराशी गेली की मी दार अडवून उभी. शेवटी हेच म्हणाले, "खोलून पाहू," आणि रविवारी सकाळी पंप बंद करून त्यांनी नळ्या सोडवल्या.

काळ्या रबरातून आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. बादलीत पाणी पडलं ते ताकासारखं. चिपवरचा तांब्याचा ठोकळा उघडला. त्याच्या आत केसाएवढ्या बारीक खाचा असतात, पाणी त्यांतून जाताना उष्णता उचलतं. सगळ्या खाचांमध्ये पांढरट करडा गिलावा बसला होता, बोटाला लागला की बुळबुळीत.

मी तो ओळखला. वासावरून नाही, रंगावरून नाही. मी तो परीक्षानळीत शेकडो वेळा केला आहे. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की तो एक विद्युत घट होतो. ॲल्युमिनियम झिजतं, तांबं शाबूत राहतं. पाणी कितीही शुद्ध भरा, धातूंना लागलं की आठवडाभरात त्यात क्षार उतरतात आणि घट चालू होतो. ट्रकमध्ये हे होत नाही कारण कूलंटमध्ये झीज थांबवणारं रसायन असतं. तेच रसायन मी मोरीत ओतलं होतं. बारावीचा धडा, मी सत्तावीस वर्षं शिकवलेला. आमचे हे त्यांच्या धंद्यात बरोबर होते, मी माझ्या पुस्तकात बरोबर होते, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

मी स्टुलावर बसले. "हे मी केलं," मी म्हटलं. "कूलंट मी ओतून टाकलं. गार्गी, तुझी बावीस मिनिटं मी खाल्ली."

गार्गी ठोकळा हातात फिरवत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"अमरावतीहून आले त्याच दिवशी रिकामा कॅन बघितला मी. हे होणार ते कळलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत होते. मग ती मुलाखत झाली. मग नाही सांगितलं."

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा माझा हात उठला होता. यांनी तो धरला.

"जिवाशी खेळ केलास तू!"

"मला बघायचं होतं, किती मिनिटांपर्यंत माझं भागतं. सव्वीस होती तेव्हा तीन आठवड्यांत तू मला एक्केचाळीस वेळा खाली बसवलंस. मी लिहून ठेवलंय. त्यांतले खरे झटके दोन. आणि आघाडी सातवर आली तेव्हापासून मला पाच सूचना आल्या, त्यांतली एक खरी. झटका आला तेव्हा आघाडी पाच मिनिटं होती."

"कधी? केव्हा आला?"

"तू बोर्डाच्या बैठकीला होतीस, फोन बाहेर जमा केलेला. तू बाहेर यायच्या आत मी घरी येऊन मशीनवरून ती सूचना पुसली." ती शांतपणे सांगत राहिली. "मी रसवंतीपाशी होते. बाकावर बसले. तिथल्या मावशींना सांगितलं की आता मला झटका येईल. धरू नका, नाकाला कांदा नको, चप्पल नको, फक्त कुशीवर वळवा. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली. एक मिनिट नुसतीच बसून होते. उठले तेव्हा डोक्याखाली त्यांचा टॉवेल होता. त्यांनी रस दिला, म्हणाल्या, आलं टाकू का. मी चालत घरी आले."

कूलरच्या ताट्यांवरून पाणी टपटपत होतं.

"चार मिनिटं मला पुरतात, आई. बाकीची सगळी तुझ्यासाठी होती."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. राग होता, खोटं कशाला बोलू. पोटच्या पोरीनं आपल्यावर प्रयोग केला. पण रागापेक्षा जास्त ते टॉवेलचं टोचत होतं. एका अनोळखी बाईनं तिच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला, आणि मी तिथे नव्हते, आणि तरी सगळं नीट झालं होतं. हे मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी हे संध्याकाळी आले ते एका जुन्या ट्रकचा तांब्या-पितळेचा रेडिएटर कापून, बेतून, स्वतः झाळून. त्यांनी तो टेबलावर ठेवला. सोन्यासारखा दिसत होता.

"सगळं तांबंच तांबं. आता गंज नाही, गिंज नाही. तीस मिनिटं भेटतीन. चाळीसबी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गार्गीकडे पाहिलं. "बसवू का?"

गार्गीनं मान खाली घालून माझ्या उत्तराची वाट पाहिली, आणि मला कळलं की मी हो म्हटलं तर ती अडवणार नाही. बसवू देईल, सव्वीसच्या ऐवजी चाळीस मिनिटं आधी खाली बसेल, शेंडगे मॅडमना नकार कळवेल, आणि जन्मभर या घरात सुखरूप राहील. हे सगळं मला मिळत होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

मी विचारलं, "चिखलदऱ्याला जूनमध्ये तापमान किती असतं?"

"पंचवीस-सव्वीस."

"त्या हवेत नुसत्या पंख्यावर किती आघाडी मिळेल?"

तिनं वर पाहिलं. "सात. आठसुद्धा."

"मग मशीन तू तिकडेच घेऊन जा. ते तुझ्याजवळ मळ्यावरच असलं की नेटवर्क गेलं तरी सूचना पोचेल." मी माझा फोन टेबलावर ठेवला. "आणि सूचनेच्या यादीतून माझा नंबर काढ. आत्ता काढ, माझ्यासमोर. उद्या मी काढू देणार नाही."

तिनं काढला. माझ्या फोनवरचा आघाडीचा आकडा विझला. मी आत जाऊन तोंडावर पदर घेऊन रडले, आणि हे बाहेर तो रेडिएटर फडक्यानं पुसत बसले.

एक जूनला ती गेली, मशीन मांडीवर घेऊन, बापाच्या ओळखीच्या टेम्पोतून. पहिला आठवडा माझा कसा गेला ते विचारू नका. कपाटं लावली, लावलेली पुन्हा काढली. दर तासाला तीनदा हात फोनकडे जायचा. त्यावर बघण्यासारखं काही नसायचं. रात्री ती फोन करायची, बुरशीच्या गोष्टी सांगायची, मी झटक्याचं विचारायची नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं. आला तर ती स्वतः कळवणार होती.

जुलैच्या पहिल्या मंगळवारी दुसरा तास मोकळा होता. स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे बोबडे सर मुलीच्या सासरी गेल्याची हकिगत सांगत होते. व्याह्यांच्या घरून निघताना घाईत एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात व्याह्यांची घालून निघाले, आणि शेगाव स्टेशनपर्यंत आपण लंगडतोय कशानं म्हणून गुडघा चोळत राहिले. ते उठून चालून दाखवायला लागले. मी हसले. आधी नुसती, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चहा सांडला. कुणीतरी म्हणालं, तायडे मॅडम, श्वास घ्या. घंटा झाली तरी माझं हसू थांबेना, तशीच वर्गात गेले.

तास संपल्यावर फोन पाहिला. गार्गीचा निरोप होता. "आई, मघाशी दहा वाजून दहा मिनिटांनी आला होता. सहा मिनिटं आधी कळलं. बसले होते. आता कामावर आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं, मग मागे मोजत गेले. दहा वाजून दहा मिनिटं. बोबडे सर टेबलाभोवती लंगडत होते.

माझ्या मुलीला झटका आला, आणि मी त्या वेळी हसत होते.